पीओचा नंबर हातात पडेपर्यंत शोध चालू ठेवा

प्रश्न

"पुण्यात आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी केल्यावर दोन वर्षांपासून मी फ्रीलान्स कॉन्ट्रॅक्टर म्हणून काम करते. हातातलं काम या महिन्याच्या 31 तारखेला संपतंय. परवा एका एजन्सीचा फोन आला : 'क्लायंटला तुम्ही पसंत आहात, पीओ येतोय, 1 तारखेपासून सुरू करू. आता बाकीचे इंटरव्ह्यू थांबवा.' माझ्या दोन ठिकाणी फेऱ्या चालू आहेत. त्यातलं एक काम मला जास्त आवडीचं आहे, पण ते लोक फार सावकाश हलतात. मागच्या वेळी अशाच फोनवर विसंबून मी सगळं थांबवलं, ते काम आलंच नाही आणि पाच आठवडे घरी बसावं लागलं. नवरा म्हणतो, एकदा हो म्हटलं की शब्द पाळायचा. मैत्रीण म्हणते, कॉन्ट्रॅक्टरने शोध कधी थांबवायचाच नसतो. नक्की कधी थांबवायचा? आणि काम सुरू झाल्यावर पुन्हा कधी सुरू करायचा?"

– एक वाचक, वाकड

उत्तर

दोन्ही फेऱ्या द्या. एजन्सीला नाही म्हणू नका, पण फोनवरच्या त्या वाक्यावर काहीही थांबवूही नका. शोध थांबवायची वेळ दोन गोष्टी हातात आल्यावर येते. एक, दोन्ही बाजूंच्या सह्या झालेला करार. दुसरी, त्या कामाच्या पीओचा, म्हणजे क्लायंटने काढलेल्या परचेस ऑर्डरचा नंबर, तोही सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेसह लेखी. यातली एक जरी बाकी असली तरी चालू फेऱ्या चालूच राहू द्या.

शब्द पाळण्याबद्दल तुमच्या नवऱ्याचं म्हणणं रास्त आहे, फक्त त्यासाठी आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं. त्या फोनवर रेट ठरला का? मुदत किती महिन्यांची? नोटीस किती दिवसांची? पैसे किती दिवसांनी मिळणार? तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, म्हणजे नेमकं कशाला हो म्हटलं हेच अजून ठरलेलं नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 5 प्रमाणे, प्रस्ताव ठेवणाऱ्याला तो स्वीकृती पूर्ण होण्याआधी केव्हाही मागे घेता येतो. तुमच्यापुढे तर अजून प्रस्तावही आलेला नाही. उद्या एजन्सीने "क्लायंटने काम पुढे ढकललं" असं कळवलं तर तिने कोणताही शब्द मोडलेला नसेल, आणि आज तुम्ही दुसरीकडे इंटरव्ह्यू दिलात तर तुम्हीही मोडलेला नसेल.

"पीओ येतोय" हे वाक्य बहुतेक वेळा खोटं नसतं. ते बोलणाऱ्याला पुढचं माहीत नसतं, एवढंच. मोठ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टर घ्यायला निदान तीन ठिकाणचा होकार लागतो. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅनेजरचा होकार पहिला, आणि तो फक्त तुमच्या कामाबद्दल असतो. पैशाचा होकार त्याच्या वरच्या माणसाकडे किंवा फायनान्सकडे असतो. मग प्रोक्युअरमेंट, म्हणजे खरेदी विभाग येतो, आणि तो आपल्या पॅनेलवरच्या, म्हणजे आधीच मान्यता दिलेल्या व्हेंडरच्याच नावे पीओ काढतो. तुमची एजन्सी पॅनेलवर नसेल तर तिला पॅनेलवरच्या एखाद्या व्हेंडरमार्फत जावं लागतं. मध्ये आणखी एक कमिशन शिरतं, रेटची घासाघीस पुन्हा सुरू होते, आणि काटछाट शेवटी तुमच्या रेटवर येते. हे घडतं तेव्हा तुम्हाला फक्त "थोडा वेळ लागतोय" एवढंच सांगितलं जातं.

आणखी एक प्रकार आयटीत नेहमीचा आहे. सर्व्हिस कंपनी एखादं प्रोजेक्ट मिळवण्यासाठी बोली लावत असते आणि आपली टीम तयार आहे हे दाखवायला चांगले सीव्ही सोबत जोडते. त्यासाठी रीतसर इंटरव्ह्यू होतात, निवडही होते, पण काम अजून त्या कंपनीचंच झालेलं नसतं. ते हातचं गेलं की तुमचं "सिलेक्शन"ही त्याबरोबर जातं.

म्हणून एजन्सीला आजच फोन करून चार गोष्टी विचारा. रिक्विझिशन, म्हणजे या जागेची कंपनीतली मागणी, मंजूर झालीय का, आणि कोणत्या तारखेला? पीओ कोणाच्या नावे निघणार? एंड क्लायंट (जिचं काम प्रत्यक्ष करायचं ती कंपनी) आणि मी यांच्यात किती कंपन्या आहेत? ही जागा नवीन आहे की कोणाच्या बदल्यात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत बोलकं असतं. सोडून गेलेल्या माणसाच्या जागी घेत असतील तर तो पैसा बहुधा आधीपासून बजेटमध्ये असतो आणि पीओ लवकर निघतो. नवीन जागा असेल, विशेषतः तिमाहीच्या शेवटी, तर ती गोठवली जाण्याची शक्यता बरीच जास्त. ज्या रिक्रूटरकडे खरोखर माहिती असते तो यातल्या निदान तीन प्रश्नांची उत्तरं त्याच फोनवर देतो. "मी चेक करून सांगतो" असं चारही वेळा ऐकू आलं तर ते काम अजून बरंच लांब आहे असं समजा.

आता मुख्य मुद्दा. शोध म्हणजे एकच काम नव्हे, त्यामुळे तो एका दिवशी थांबवायचा नसतो. त्याचे भाग वेगवेगळ्या दिवशी बंद करायचे असतात, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

नवे अर्ज सर्वांत आधी थांबवा. ज्या दिवशी रेट, मुदत, सुरुवातीची तारीख आणि पैसे देण्याची अट लिहिलेली मेल येईल आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची कागदपत्रं मागितली जातील, त्या दिवसापासून नवीन ठिकाणी सीव्ही पाठवू नका. आज पाठवलेल्या सीव्हीला फळ यायला दोन-तीन फेऱ्या आणि काही आठवडे जातात. तोवर तुमचं काम सुरू झालेलं असेल आणि तुम्ही एका नव्या माणसाचा वेळ फुकट घालवलेला असेल. तुमच्या बाबतीत अशी मेल अजून आलेली नाही, तेव्हा या आठवड्यात तीन-चार नवे अर्ज गेले तरी चालतील.

चालू फेऱ्या मात्र त्याच्या पुढे, सही आणि पीओ नंबरापर्यंत न्या. अर्ध्यावर आलेली फेरी पुन्हा उभी करणं फार अवघड असतं. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने तुमच्यासाठी तासभर दिलेला असतो, तुम्ही कारण न सांगता माघार घेतलीत की पुढच्या वेळी तो दुसऱ्याला बोलावतो. तुमचे मागचे पाच आठवडे रिकामे गेले ते बहुधा यामुळेच. एक काम हुकलं हे कारण होतंच, पण त्या दिवशी हातात दुसरं काहीच शिजत नव्हतं, हे त्याहून मोठं.

सही झाली, नंबर आला, की त्याच दिवशी चालू फेऱ्या स्वतःहून बंद करा. इथून पुढे तुमच्या नवऱ्याचा नियम पूर्णपणे लागू होतो. सही केल्यावर महिन्याला वीस हजार जास्त देणारं काम आलं म्हणून पहिलं सोडणं हे पुण्यासारख्या ठिकाणी महागात पडतं. रिक्रूटर एजन्सी बदलतात, पण त्यांच्या डोक्यातली यादी सोबत जाते. करारात अशा माघारीबद्दल ठरावीक रक्कम लिहिलेली असू शकते. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे समोरच्याला वाजवी भरपाईच मिळते आणि ती त्या आकड्याच्या वर जात नाही, हे खरं. पण तेवढ्यासाठी नोटिसांना उत्तरं देत बसायची वेळ कोणी ओढवून घेऊ नये.

इतरांना नकार कळवताना दार आपटून बंद करू नका. "मी 1 तारखेपासून दुसऱ्या कामावर रुजू होतेय, म्हणून ही प्रक्रिया इथे थांबवते. सुरुवातीत काही बदल झाला तर तुम्हाला लगेच कळवीन" एवढं पुरे. यात खोटं काही नाही आणि सुरुवात लांबली तर पुन्हा फोन करायला तोंड राहतं. सुरुवात बऱ्याचदा लांबतेही. लॅपटॉप पोचत नाही, व्हीपीएनचा आयडी तयार नसतो, व्हेरिफिकेशन अडकतं. करारात एक ओळ घालून घ्या की ठरलेल्या तारखेनंतर 10 कामाच्या दिवसांत काम सुरू झालं नाही तर तुम्ही मोकळ्या. काही एजन्सी मुकाट्याने मान्य करतात, काही कुरकुरतात. मान्य नसेल तर निदान मेलवर तारीख लिहून घ्या, म्हणजे ती उलटल्यावर तुम्ही बाकीच्यांशी बोलायला लागलात तर कोणी बोट दाखवणार नाही.

व्हेरिफिकेशनचं खास सांगायला हवं, कारण कॉन्ट्रॅक्टरची कामं सही झाल्यावरही इथे अडतात. नोकरीतल्या आठ वर्षांसाठी रिलीव्हिंग लेटर आणि पीएफची नोंद असते. फ्रीलान्सच्या दोन वर्षांचा पीएफ नसतो, त्यामुळे तपासणी करणाऱ्याला यूएएनवर, म्हणजे पीएफच्या नंबरावर, तिथे नुसती पोकळी दिसते. ती भरायला चार गोष्टी एका फोल्डरमध्ये तयार ठेवा : प्रत्येक कराराची सही केलेली प्रत, इनव्हॉइस, ते पैसे जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, आणि आयकर खात्याचा 26एएस हा फॉर्म. 26एएसमध्ये कोणत्या कंपनीने कोणत्या तिमाहीत तुमचा टीडीएस भरला ते नावासकट येतं. दोन वर्षं खरंच काम केल्याचा यापेक्षा भक्कम पुरावा कॉन्ट्रॅक्टरकडे नसतो. फोल्डर तयार असेल तर मागितल्या दिवशीच जातं. नसेल तर जुन्या एजन्सीला मेलवर मेल करण्यात दहा दिवस सहज जातात, आणि 1 तारीख हुकते.

पीओबद्दल. एजन्सी तुम्हाला क्लायंटचा पीओ दाखवणार नाही, कारण त्यावर तिला मिळणारा रेट असतो. ते समजण्यासारखं आहे, हट्ट धरू नका. पीओ नंबर, तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, आणि त्यात किती दिवस किंवा तास मंजूर आहेत, एवढं मेलवर मागा. हे सांगायला हरकत नसते. मग ती तारीख करारातल्या मुदतीशी ताडून बघा. करार सहा महिन्यांचा आणि पीओ तीन महिन्यांचा असं सर्रास असतं. पुढचे तीन महिने हा क्लायंटचा नुसता इरादा असतो, आणि तुमचं पुढचं सगळं वेळापत्रक करारावर नव्हे, पीओच्या शेवटच्या तारखेवर बेतलेलं असायला हवं.

करारात आणखी दोन कलमं सहीआधी सापडलीच पाहिजेत. पहिलं नोटिशीचं. क्लायंट 7 दिवसांत काढू शकतो आणि तुम्हाला मात्र 30 दिवस द्यायचे, असा मजकूर बऱ्याच एजन्सींच्या तयार करारात असतो. दोन्हीकडे सारखेच दिवस मागा. 15-15 वर बहुतेक ठिकाणी जुळतं. ज्या करारात तुम्हाला 7 दिवसांत काढता येतं, त्या करारावर सही करून तुम्ही शोध थांबवलात तरी हातात सात दिवसांचीच खात्री असते, हे ध्यानात असू द्या.

दुसरं कलम पैशाचं. "क्लायंटकडून पैसे मिळाल्यावर इतक्या दिवसांत" असं लिहिलेलं असेल तर थांबा. क्लायंटने चार महिने लावले तर तुमचेही चार महिने. इथे 2006 चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायदा कामाला येतो. सरकारच्या 'उद्यम' पोर्टलवर तुमची नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून असेल तर लेखी करारात काहीही लिहिलं असलं तरी काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत. लेखी मुदत नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, असं व्याज लागतं. प्रत्यक्षात व्याज वसूल करायला फार थोडे जातात. पण 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरातही नियम आलाय : सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्यामुळे इनव्हॉइसवर उद्यम नंबर छापलेला असला की अकाउंट्सवाले मार्चअखेरीस तो इनव्हॉइस वर काढून ठेवतात. नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, तिला फी नाही. मात्र ती करारावर सही करण्याआधी करा. नंतरच्या नोंदणीवरून वाद होतात. परदेशी क्लायंटशी थेट करार असेल तर या कायद्याचा उपयोग नाही, तिथे मुदत करारातच पक्की करावी लागते.

पैशाचं वेळापत्रक एकदा कागदावर मांडा, म्हणजे आम्ही एवढा आग्रह का धरतोय ते दिसेल. समजा काम 1 जूनला सुरू झालं आणि महिन्याचे 1,00,000 ठरले. टाइमशीट 30 जूनला भरली, मॅनेजरने मंजूर करेपर्यंत 4 जुलै उजाडली, 5 जुलैच्या तारखेचा इनव्हॉइस गेला. तिथून 45 दिवस म्हणजे 19 ऑगस्ट. पहिला रुपया कामाच्या 80 व्या दिवशी. आणि तोही पूर्ण लाख नव्हे. प्रोफेशनल फीवर 10 टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे 90,000. तुमची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेल्यामुळे जीएसटी नोंदणी असेल तर 18,000 जीएसटी वर मिळून 1,08,000 येतील. पण ते 18,000 तुमचे नव्हेत. जुलैच्या इनव्हॉइसचा जीएसटी दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना 20 ऑगस्टपर्यंत भरायचा असतो. पैसे 19 ला आले तर ठीक, आठवडाभर उशीर झाला तर तो कर आपल्या खिशातून. आणि घाईने इनव्हॉइसवर 30 जून ही तारीख घातलीत तर तोच कर 20 जुलैला, पैसे येण्याच्या महिनाभर आधी. पहिल्या इनव्हॉइसची तारीख सीएला विचारून ठरवा.

म्हणजे काम सुरू झाल्यावरही अकरा आठवडे घर जुन्या पैशावर चालवायचं असतं. मधल्या काळात आधी पाच आठवडे रिकामे गेले असतील तर एकूण सोळा. घरखर्च, ईएमआय आणि विम्याचे हप्ते मिळून चार महिन्यांचे पैसे बाजूला असतील तर तुम्ही शांत डोक्याने करार वाचाल. दोनच महिन्यांचे असतील तर "आता बाकीचे थांबवा" असं म्हणणाऱ्या पहिल्या माणसाला हो म्हणाल. तयारी करायची ती इथे.

आता मैत्रिणीचं म्हणणं. शोध कधीच न थांबवणारे कॉन्ट्रॅक्टर दिसतात, आणि त्यांचं नुकसान त्यांना उशिरा कळतं. नव्या कामाचे पहिले तीन आठवडे क्लायंट तुमच्याकडे बारकाईने पाहत असतो. टेस्ट एन्व्हायर्नमेंट मिळवणं, जुन्या टेस्ट केस समजून घेणं, डेव्हलपरांशी ओळख हे सगळं याच दिवसांत होतं, आणि पीओ वाढवायचा की नाही याचं मत मॅनेजर इथेच बनवून टाकतो. त्या दिवसांत दुपारी तीनला "डॉक्टरकडे जातेय" सांगून इंटरव्ह्यू देणारा माणूस स्वतःचीच मुदतवाढ घालवत असतो.

दुसरा तोटा जास्त नेमका आहे. सतत अर्ज करणाऱ्याचा सीव्ही दोन एजन्सींकडून एकाच क्लायंटकडे जातो. क्लायंटच्या व्हेंडर पोर्टलवर एकच ईमेल आयडी दोनदा आला की कमिशन कोणाचं हा वाद होतो, आणि बहुतेक क्लायंट तो वाद सोडवण्याऐवजी तो उमेदवारच बाद करतात. तुम्हाला कारणही कळत नाही. यासाठी सीव्ही पाठवायची परवानगी नेहमी मेलवर आणि त्या एका क्लायंट-जागेपुरतीच द्या, आणि एक साधी शीट ठेवा : तारीख, एजन्सी, एंड क्लायंट, जागा, सांगितलेला रेट. एजन्सी एंड क्लायंटचं नाव सांगायला तयार नसेल तर सीव्ही देऊ नका. तुमच्या दोन चालू फेऱ्यांपैकी एखादी त्याच क्लायंटची तर नाही ना, हेही आत्ताच तपासून घ्या. मध्ये दुसरा व्हेंडर असला की असं नकळत होतं.

मैत्रीण एका गोष्टीत बरोबर आहे. अर्ज आणि इंटरव्ह्यू थांबले तरी ओळखी थांबवायच्या नसतात. महिन्यातून एक संध्याकाळ द्या. त्या महिन्यात केलेलं काम सीव्हीत दोन ओळींत लिहा. आकडे ताजे असतात तेव्हाच लिहून होतात. रिग्रेशनला (नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना, या तपासणीला) आधी किती वेळ लागायचा, ऑटोमेशननंतर किती, हे सहा महिन्यांनी आठवत नाही. जुन्या दोन मॅनेजरांची चौकशी करा. ज्या रिक्रूटरने मागे नीट वागणूक दिली त्याला तुम्ही कोणत्या महिन्यात मोकळ्या होताय ते कळवा. काम मागू नका, फक्त महिना सांगा.

पुन्हा शोध कधी सुरू करायचा, हा तुमचा दुसरा प्रश्न. पीओच्या शेवटच्या तारखेपासून मागे मोजा. 45 दिवस आधी मॅनेजरला थेट विचारा : "माझा पीओ अमुक तारखेला संपतोय. मुदतवाढीची रिक्वेस्ट टाकली आहे का?" "हो हो, वाढवणारच आहोत" हे उत्तर नव्हे. रिक्वेस्ट सिस्टीममध्ये गेली की नाही, एवढंच हवं. या प्रश्नाचा कोणाला राग येत नाही. बऱ्याच मॅनेजरांना तारीख तुम्ही विचारल्यावरच आठवते, आणि तुमच्यामुळे त्यांचंही काम वेळेवर होतं. 30 दिवस राहिले आणि नवा पीओ नंबर नसेल तर अर्ज सुरू करा, आणि मॅनेजरला ते सांगूनच करा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पीओशिवाय शेवटच्या तारखेनंतर एक दिवसही काम करू नका. "बॅकडेट करून घेऊ" म्हणून केलेल्या दिवसांचे पैसे मिळवायला महिने लागतात, कारण प्रोक्युअरमेंट नव्या पीओच्या तारखेआधीची टाइमशीट स्वीकारत नाही.

मुदत 31 मार्च किंवा 31 डिसेंबरला संपत असेल तर हे मोजमाप 60 दिवसांवर न्या. भारतीय कंपन्यांचं नवं बजेट एप्रिलमध्ये उघडतं आणि प्रत्यक्ष पीओ निघेपर्यंत एप्रिलचा मध्य उजाडतो. अमेरिकी क्लायंटकडे डिसेंबरचा उत्तरार्ध बहुधा बंदच. त्या दोन फटींमध्ये चांगले कॉन्ट्रॅक्टरही रिकामे सापडतात.

सध्याचं काम 31 ला संपतंय, तेव्हा हाच प्रश्न आजच्या मॅनेजरलाही विचारून घ्या. दोन-तीन आठवड्यांची मुदतवाढ मिळत असेल तर एजन्सीच्या 1 तारखेची घाईच संपते, आणि आवडीच्या कामाला हलायला वेळ मिळतो.

त्या सावकाश लोकांना खरी तारीख सांगून हलवता येतं. खोट्या ऑफरचा धाक घालू नका. टेस्टिंगचं वर्तुळ छोटं आहे, पडताळणी होते. असं लिहा : "माझं दुसऱ्या एका कामाचं बोलणं पुढे गेलंय आणि येत्या आठवड्यात मला निर्णय द्यावा लागेल. तुमचं काम मला जास्त जवळचं वाटतं. उरलेली फेरी शुक्रवारपर्यंत होऊ शकेल का? रेट आणि तारखेबद्दल माझ्याकडून काही अडणार नाही." ज्यांना तुम्ही खरंच हव्या आहात ते या मेलनंतर दिवस काढतात. उत्तरच आलं नाही तर तेही कळलं, आणि ते सोमवारी कळण्यापेक्षा शुक्रवारी कळलेलं बरं.

आणि एजन्सीला : "हे काम करायला मला आवडेल. रेट, मुदत, दोन्ही बाजूंची नोटीस, पैसे देण्याची मुदत आणि सुरुवातीची तारीख मेलवर पाठवा, मी 24 तासांत उत्तर देते. करार आणि पीओ नंबर आला की त्याच दिवशी बाकीच्या प्रक्रिया बंद करते. तोवर त्या चालू आहेत." त्यांनी तरीही आजच सगळं थांबवायचा आग्रह धरला तर तीन कामाच्या दिवसांची मुदत द्या, पण तीही त्यांनी वरच्या पाच गोष्टी लेखी पाठवल्यावरच सुरू होईल असं कळवा. तेवढ्या दिवसांत करार आला नाही, तर चौथ्या दिवशी सकाळी कोणाला न विचारता पुढचे अर्ज पाठवायला घ्या.